हद्दीवरची साखर

"साखर हद्दीवर आहे," असं डॉक्टर आदिती शेटे म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो असा, की हद्दीवर म्हणजे आत की बाहेर. प्रश्न वाटतो तितका मूर्खपणाचा नव्हता. कोल्हापूरच्या माणसाने शहराची हद्द वाढवायची की नाही, या एका वादावरून इतके मोर्चे, इतके बंद आणि इतक्या बैठका पाहिलेल्या असतात, की हद्दीवरची वस्तू शेवटी कुणाच्या बाजूला जाणार हे तो छातीठोकपणे सांगू शकत नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "अजून बाहेर आहात, इंगवले. आत जायचं नाही, एवढंच बघायचं."

मग त्यांनी कागदावर चार ओळी लिहून दिल्या. ताटातली अर्धी जागा भाज्यांना. भात एक वाटी. चहा दिवसातून दोनदाच, साखर निम्मी. दुपारचं जेवण वेळेवर, एकच्या सुमाराला. "आणि सगळं एकदम करू नका. महिन्याला एक गोष्ट बदला. सोपं असतं," असं म्हणून त्यांनी बेल वाजवली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. गोळी नाही, इंजेक्शन नाही, साधी बाटलीसुद्धा नाही. औषध न देणाऱ्या डॉक्टरबद्दल आमच्या घराण्यात कधीच चांगलं मत नव्हतं. मी कागदाची मागची बाजूही बघितली. कोरी होती.

घरी आल्यावर मी ठरवलं, की महिन्याला एक बदल हा सल्ला कच्च्या मनाच्या माणसांसाठी असणार. बावन्न वर्षांच्या, सरकारी नोकरीत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला चारही गोष्टी एकदम जमायला काय हरकत आहे? माझी बायको संयोगिता घरी शिवणक्लास चालवते. तिने कागद वाचला आणि गळ्यातली टेप न काढताच विचारलं, "अर्धं ताट म्हणजे नक्की किती?"

इथून घोळाला सुरुवात झाली. आमच्या ताटाला कडा आहे. कडेसकट अर्धं धरायचं की कडा सोडून? आमटी भाजीत धरायची का? बटाटा हा भाजी आहे की भाताचा भाऊ? शेंगदाण्याची चटणी शेतातूनच येते, तिचं काय? संयोगिताने टेप लावून ताट मोजलं आणि मधोमध खडूने रेघ मारली, शर्टाच्या कापडावर मारतात तशी. आमची मुलगी स्नेहल बँकेतून आली, तिने ते ताट बघितलं आणि सरळ आपल्या खोलीत गेली.

स्नेहलबद्दल दोन शब्द आत्ताच सांगतो, कारण पुढे सगळं तिच्यावरच येऊन बसलं. तिला गडमुडशिंगीच्या पिराजीराव चौगल्यांच्या मुलाचं स्थळ आलं होतं. मुलगा पृथ्वीराज, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत इंजिनिअर. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं, म्हणजे खरं तर आमच्या आधीच केलं होतं. फक्त दोन्ही घरांची पक्की बोलणी व्हायची राहिली होती. पिराजीराव एकेकाळचे पैलवान, आता वीस म्हशींचे मालक. आवाज असा, की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी समोरच्या घराला ऐकू जावा.

समोरच्या घरात राहतात शालूबाई. शेजारच्या घरात गोमटेश मगदूम, तेलाचे व्यापारी. फुलेवाडीतल्या आमच्या गल्लीत कुणी नवीन झाडू आणला तरी या दोघांना कळतं. मी तर पिशवीभर गाजरं, बीट, मुळा आणि कांदे घेऊन आलो होतो.

गोमटेशने पिशवीत डोकावून मान हलवली. "इंगवले, ह्ये सगळं जमिनीखालचं. माझी आई अठ्ठ्याऐंशीची हाय, जन्मात कांदा-गाजर तोंडात घातलं न्हाय. अजून सुईत दोरा ओवती. आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं. बघा करून."

त्याच्या आईने सुईत दोरा ओवताना मी स्वतः पाहिलं होतं. पुराव्यापुढे काय बोलणार? गाजरं, बीट, मुळा, कांदे सगळे बाद. मग मी काकडी, टोमॅटो आणि पालक आणला. शालूबाईंना मोबाइलवर रोज सकाळी जगातल्या एकेका भाजीबद्दल धोक्याची सूचना येते. टोमॅटोने मुतखडा होतो, पालकाने सांधे धरतात आणि काकडी दुपारनंतर खाल्ली तर ती काकडी राहत नाही, असं त्या म्हणाल्या. मग ती काय होते, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचा धीर झाला नाही.

असं करत करत आठवड्याभरात माझ्या ताटातल्या रेघेपलीकडे फक्त दुधी उरला. सकाळी दुध्याचा रस, दुपारी दुध्याची भाजी, संध्याकाळी पावणेसहाला उकडलेला दुधी आणि सोबत मोड आलेले मूग. रात्री नऊ वाजता मला जी भूक लागायची तिचं वर्णन करणं एका वर्ग तीनच्या कर्मचाऱ्याला शोभणार नाही.

आता राहिली चौथी ओळ, एक वाजता जेवण. आमच्या कार्यालयाचं नाव सांगत नाही, अजून सहा वर्षं तिथेच काढायची आहेत. तिथे माझी जेवणाची सुट्टी दोन ते अडीच. एक ते दीड आमच्या जोतीरामची. जोतीराम आस्थापनेचा लिपिक, म्हणजे रजा, सुट्ट्या, अर्ज सगळं त्याच्याकडे. मी त्याला सरळ म्हणालो, "जोतीराम, तू दोनला जेव, मी एकला जेवतो."

"तोंडी कसं करायचं, सायेब? अर्ज द्या की."

मी अर्ज दिला. 'वैद्यकीय कारणास्तव जेवणाची वेळ बदलून मिळणेबाबत.' जोतीरामने तो तीनदा वाचला.

"वैद्यकीय म्हटलंय म्हंजे आजाराचं नाव पायजे."

"आजार नाही रे. होऊ नये म्हणून जेवायचंय."

"आजार न्हाय तर वैद्यकीय कारण कुठलं?"

"बरं, मग वैयक्तिक कारण लिहितो."

"वैयक्तिक कारणाला जेवायची तरतूद न्हाय."

जोतीरामलाही माझी दया आली असावी. त्याने छापील नमुना काढला. त्यात आजारांचे तीन रकाने होते. पहिला अपघात, दुसरा बाळंतपण आणि तिसऱ्यात 'दुर्धर व इतर' असं लिहिलं होतं. "तुमी इतर मध्ये बसताय," तो म्हणाला आणि त्याने तिसऱ्या रकान्यात खूण केली. मीही सही केली. आपण 'इतर' आहोत याबद्दल मला कसलीच शंका नव्हती. त्याच ओळीत 'दुर्धर' आहे, हे डोळ्यांना दिसलं होतं, पण डोक्यात शिरलं नाही. दुध्यावर असलेल्या माणसाच्या डोक्यात गोष्टी उशिरा शिरतात.

त्याच रविवारी पिराजीरावांनी आम्हाला जेवायला बोलावलं. बोलणी होण्याआधी दोन्ही घरांनी एकत्र बसून जेवावं, असा त्यांचा बेत होता. गडमुडशिंगीत, पैलवानाच्या घरी, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जेवणाला दुधी खाणाऱ्या माणसाने जावं कसं? शेवटी मी मोड आलेल्या मुगाचा डबा पिशवीत घातला. संयोगिताने तो पिशवीतून काढला. मी परत घातला. असं तीन वेळा झालं आणि चौथ्या वेळी रिक्षा आली.

तिथे अंगणात मोठी पंगत होती. पिराजीरावांच्या पत्नी बाळाबाई हातात पितळी पातेलं घेऊन आल्या. रश्श्यावरचा तांबडा तवंग असा चमकत होता, की मला क्षणभर डोळे मिटून घ्यावेसे वाटले. मी वाटीवर हात आडवा धरला आणि म्हणालो, "मला नको. मी डबा आणलाय."

एकवीस माणसं जेवायची थांबली.

"आमच्या हातचं चालत न्हाय व्हय?" बाळाबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं.

"तसं नाही, ताई. डॉक्टरांनी..." एवढंच मी बोललो. हद्दीवर आहे म्हणावं, तर हद्दीवर म्हणजे काय ते पुन्हा समजावून सांगा. मी डबा उघडला. मुगांना वास आला होता. स्नेहलने समोरच्या पंगतीतून माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग जेवण संपेपर्यंत आपल्या ताटातच बघत राहिली. पिराजीराव, ज्यांचा आवाज समोरच्या घराला ऐकू जातो, ते माझ्याकडे टक लावून बघत होते आणि एक अक्षर बोलत नव्हते.

येताना रिक्षात संयोगिता म्हणाली, "एक वाटी. एक वाटी घेतली असती तर काय झालं असतं?"

काय झालं असतं ते मलाही माहीत नव्हतं. तीच तर सगळी अडचण होती.

मंगळवारी कार्यालयाचं पत्र घरी आलं. आम्ही कुणी घरात नव्हतो, शालूबाईंनी सही करून घेतलं. पाकीट खिडकीचं होतं. त्या खिडकीत नाव-पत्ता दिसायला हवा, पण घडी चुकल्यामुळे दिसत होता विषय. 'दुर्धर आजाराबाबत वैद्यकीय मंडळासमोर उपस्थित राहणेबाबत.' शालूबाईंनी पाकीट फोडलं नाही, हे मी त्यांच्या बाजूने आवर्जून सांगतो. फोडायची गरजच नव्हती.

संध्याकाळी मी गल्लीत शिरलो तेव्हा गोमटेश दुकान सोडून आमच्या पायरीवर बसला होता. त्याने माझा हात हातात घेतला. मला वाटलं, आता पुन्हा कुठली तरी भाजी बाद होणार. पण तो बराच वेळ हात धरून बसला आणि मग म्हणाला, "कांदा खावा वाटला तर खा, इंगवले. आता माझं काय म्हणणं न्हाय."

दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. कुणी शहाळं आणलं, कुणी सफरचंदं, कुणी पेढे. माझ्या तब्येतीसाठी आलेल्या पेढ्यांचे पाच पुडे फ्रिजमध्ये जमले. एकाने पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरचा नंबर दिला, दुसऱ्याने त्याच डॉक्टरकडे अजिबात जाऊ नका म्हणून सांगितलं. मी प्रत्येकाला म्हणत होतो, "अहो, मला काही झालेलं नाही." यावर प्रत्येकजण संयोगिताकडे वळून हळू आवाजात म्हणायचा, "त्यांना सांगितलं न्हाय वाटतं अजून."

तिसऱ्या दिवशी खुद्द संयोगिताने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. "माझ्यापासून काही लपवत असाल तर आत्ता सांगा," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला डॉक्टरांचा रिपोर्ट दाखवला, चार ओळींचा कागद दाखवला, अर्जाची नक्कल दाखवली. तिने सगळं शांतपणे वाचलं. "मग मंडळानं कशाला बोलावलंय?" तिने विचारलं. मी तिला जोतीरामच्या तीन रकान्यांची गोष्ट सांगितली. सांगता सांगता मलाच ती खोटी वाटायला लागली.

वैद्यकीय मंडळाच्या दाराबाहेर मी साडेतीन तास बसलो. आत तीन डॉक्टर होते.

"काय होतंय?"

"काही होत नाही."

"मग आलात कशाला?"

"मला एक वाजता जेवायचंय."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातल्या वयस्कर डॉक्टरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आत्ता दोन वाजलेत." मी म्हणालो, ते मला माहीत आहे. त्यांनी माझं ब्लडप्रेशर घेतलं, जीभ बघितली आणि लिहिलं, 'सदर कर्मचाऱ्यास कोणताही आजार आढळून आला नाही.' तो कागद मी जोतीरामला आनंदाने नेऊन दिला. चार दिवसांनी मला खुलासा मागणारं पत्र मिळालं. आजार नसताना दुर्धर रकान्यात सही का केली, याबद्दल तीन दिवसांत उत्तर द्यायचं होतं. जेवणाच्या वेळेचा अर्ज अर्थातच नामंजूर झाला. जोतीराम एक वाजता माझ्यासमोर बसून जेवत होता. त्याने डब्यातली कांद्याची फोड माझ्यापुढे केली. मी नको म्हणालो. का म्हणालो, कोण जाणे.

हे सगळं मी हसून सांगतोय, पण तेव्हा हसू येत नव्हतं. कारण गडमुडशिंगीहून फोन येणं थांबलं होतं. शालूबाईंची भाची त्याच गावात दिलेली आहे. त्यामुळे खिडकीच्या पाकिटातला विषय आमच्याआधी पिराजीरावांच्या दारात पोचला होता. पंगतीतला माझा आडवा हात आणि हे पत्र लोकांनी शेजारी शेजारी ठेवून बघितलं आणि हिशेब जुळला. शिवाय असले आजार घराण्यात उतरतात, असं कुणीतरी बोललं. कुठला आजार, ते कुणालाच माहीत नव्हतं, पण तो उतरतो यावर सगळ्यांचं एकमत होतं.

स्नेहल बँकेतून येऊन न जेवता झोपायला लागली. एका संध्याकाळी ती माझ्यासमोर बसली.

"बाबा, तुम्ही काय खायचं ते खा. पण जे कराल ते सगळ्यांना कळेल असं करू नका."

"मी कुणालाच काही सांगितलं नाही गं."

"तेच म्हणते मी. सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

या दोन वाक्यांचा मेळ मला त्या दिवशी लागला नाही. पण तिचा उतरलेला चेहरा बघून मला दुध्याचा एक घास गिळवेना. मी ताट सारलं आणि ठरवलं, सकाळी उठून गडमुडशिंगीला जायचं, रिपोर्ट पिराजीरावांच्या हातात द्यायचा आणि काय ते विचारायचं.

जावं लागलं नाही. सकाळी साडेसातला त्यांचीच स्कूटर दारात उभी राहिली. एकटेच होते. आत आले, पाणी प्याले, संयोगिताकडे बघून म्हणाले, "वैनी, चहा टाका. बिनसाखरेचा." आणि ती आत गेल्यावर माझ्याकडे वाकून, माझ्या माहितीत पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "पावणं, खरं सांगा. काय हाय तुमास्नी?"

मी रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो लांब धरून वाचला.

"ह्येच? एवढंच?"

"एवढंच."

"आणि एवढ्यापायी तुमी माझ्या घरात, एकवीस माणसांत, वाटीवर हात आडवा धरला?"

मी मान खाली घातली. क्षमा कुठल्या शब्दांत मागावी याची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात ते उठून बाहेर गेले. मला वाटलं, संपलं. पण ते स्कूटरची डिकी उघडून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक कागद घेऊन आले. गाडीच्या विम्याच्या कागदांत ठेवलेला होता. तोही रक्ताचा रिपोर्ट होता, दोन वर्षांपूर्वीचा. आकडा तीनशे बारा.

"गावात तपासलं न्हाय. हातकणंगल्याला गेलतो, वळखीचं कोण भेटू नये म्हणून," ते म्हणाले. "घरात कुणाला म्हाईत न्हाय."

"गोळ्या?"

"न्हाय. गोळी घेतली की बायकू इचारणार. सांगितलं की उद्यापास्नं माझं ताट बाजूला. आजारी माणसाचं ताट. मी दोन दोन लिटर दूध पिणारा गडी, वीस म्हशींचा मालक. मालकच दूध पीत न्हाय म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणंल? रोज ठरवतो आज न्हाय म्हणायचं, आणि रोज वाटी पुढं करतो. त्या दिवशी तुमी न्हाय म्हणालासा आणि मी बघतच बसलो. माझ्याच्यानं दोन वर्सं झालं न्हाय ते तुमी एका दमात केलासा."

मी त्यांना खरं सांगायला हवं होतं, की मी हात आडवा धरला तो धैर्याने नाही, गोंधळून. पण माणूस आपल्याकडे आदराने बघत असताना त्याला अडवायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी फक्त म्हणालो, "चला, आमच्या डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टर शेट्यांनी त्यांचा रिपोर्ट बघितला, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. पुन्हा रक्त तपासलं, डोळे तपासायला सांगितले, तळपाय बघितले. या वेळी गोळ्या दिल्या. आणि शेवटी कागद घेऊन चार ओळी लिहिल्या. त्याच चार ओळी. "आणि घरी सांगा," त्या म्हणाल्या. "जेवण करणाऱ्या बाईंना माहीत नसेल तर यातलं काही होणार नाही." पिराजीराव "सांगतो की" म्हणाले.

मग डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय चाललंय? वाळलात."

मी दुध्याची सगळी कथा सांगितली. त्यांनी ती न टोकता ऐकून घेतली.

"कांदा बंद करा असं मी म्हणाले होते का?"

"नाही."

"मटण?"

"नाही."

"गाजर, काकडी, टोमॅटो, घरात रोज होते ती कुठलीही भाजी चालेल. मटण खायचं असेल त्या दिवशी वरचं तेल बाजूला काढा, एक वाटी घ्या, सोबत काकडी-कांदा भरपूर घ्या. एक वाजता नाही जमलं तर दोनला जेवा, पण रोज दोनला. महिन्याला एकच गोष्ट, असं म्हणाले होते ना मी?"

बाहेर आल्यावर पिराजीरावांनी गोळ्या स्कूटरच्या डिकीत ठेवल्या. मग म्हणाले, "रविवारी या. बोलणी उरकून घेऊ. पोरांनी लई वाट बघितली."

बोलणी अर्ध्या तासात झाली. दोन्ही पोरं आधीच सगळं ठरवून बसली होती, आम्ही फक्त माना हलवल्या. स्नेहल तीन आठवड्यांनी पहिल्यांदा हसली. त्या आनंदात पुढच्या रविवारी पिराजीरावांनी भावकीचं जेवण घातलं. तेच अंगण, तीच पंगत. पुरुषांच्या ओळीत आम्ही अकरा जण होतो. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि कानात विचारलं, "घरात सांगितलं?"

"सांगतो की," ते म्हणाले. गोळ्या अजून डिकीतच होत्या.

बाळाबाई पातेलं घेऊन आल्या. त्यांनी आधी नवऱ्याची वाटी भरायला पळी उचलली. पिराजीरावांचा हात नेहमीसारखा वाटी पुढे करायला निघाला, अर्ध्यात थांबला, आणि मग मी पाहिलं, की तो त्यांनी वाटीवर आडवा धरला. हा हात एकेकाळी मैदानं मारून आला होता.

"काय झालं?" बाळाबाईंनी विचारलं.

पंगत थांबली. पिराजीरावांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी त्यांना काय मदत करणार? मी आपली मान हलवली.

"मला साखर हाय," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली."

मग पलीकडे बसलेले त्यांचे धाकटे भाऊ ताटाकडे बघतच पुटपुटले, "मला बी हाय. चार वर्सं."

"तुला?" पिराजीराव म्हणाले.

"तू काय म्हणशील म्हणून बोललो न्हाय, दादा."

त्यांच्यापुढे चुलतभाऊ बसले होते. त्यांनी नुसता हात वर केला. त्यांच्या शेजारचे निवृत्त हेडमास्तर घसा खाकरून म्हणाले, "मी इन्सुलिन घेतो. शाळेत असल्यापासून." मग आणखी एक. मग आणखी एक. माझ्या उजव्या बाजूला बसलेल्या गृहस्थांनी तर सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून ताटाजवळ ठेवली, जणू ओळखपत्रच.

बाळाबाईंनी पातेलं जमिनीवर ठेवलं. मला वाटलं, त्या रडणार. त्या नवऱ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "दोन वर्सं मी तुमच्या वाटीत वरनं तेल सोडती. तोंड न्हवतं व्हय तुमास्नी?" त्यांनी नवऱ्याच्या पुढ्यातली वाटी उचलली, बाजूला ठेवली आणि वाढायच्या परातीतल्या काकडीच्या सगळ्या चकत्या त्यांच्या ताटात ओतल्या. तिथेच, त्या ताटात, सगळ्यांच्या मधोमध. ताट बाजूला काढलं नाही.

मग त्या उठल्या. पदर खोचला आणि ओळीवरून नजर फिरवली. "हात वर करा. कुणाकुणाला हाय?"

सात हात वर झाले. तिघांनी केला नाही. त्यातले दोघे म्हणाले, आम्ही तपासलेलंच नाही, तेव्हा बाळाबाईंनी त्यांच्याही वाट्या उचलल्या, आणि तिसरे कुठल्याशा कारणाने रविवारचं मटण खात नव्हते.

"आणि तुमी, पावणं?"

"माझी हद्दीवर आहे," मी म्हणालो.

"हद्दीवर म्हंजे? हाय का न्हाय?"

"अजून नाही."

बाळाबाईंच्या चेहऱ्यावर इतक्या वेळात पहिल्यांदा समाधान दिसलं. पाच किलो मटणाचं जेवण मांडून बसलेल्या बाईला अखेर एक माणूस सापडला होता. त्यांनी माझी वाटी भरली. ती भरल्यावर ताटात आणखी एक वाटी ठेवून तीही भरली. मी पलीकडे संयोगिताकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती. स्नेहलकडे बघितलं, ती तोंडावर ओढणी धरून बसली होती. दुसरी वाटी मी कशीबशी परत दिली. पहिलीतला तवंग चमच्याने बाजूला सारला. डॉक्टर एक वाटी म्हणाल्या होत्या हे मला पक्कं आठवत होतं, पण ती या अशा परिस्थितीत घ्यायची की नाही, याबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

अंगणात सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी वाटी उचलली, पहिला भुरका मारला, आणि ओळीतल्या सातही जणांनी एकदम आवंढा गिळला.